दप्तर कोणत्या वळणाचं?

झेरॉक्सच्या दुकानात माझ्या पुढे एक काका उभे होते. मुलीच्या लग्नाचं शूटिंग त्यांना पेन ड्राइव्हवर घालून हवं होतं. सहा जीबीची एकच सलग फाइल आणि नवा कोरा बत्तीस जीबीचा पेन ड्राइव्ह. काउंटरवरच्या मुलानं फाइल ओढून टाकली, तर कॉम्प्युटर म्हणाला, फाइल फार मोठी आहे, मावणार नाही. काका चक्रावले. "अरे, रिकामा आहे ना तो?" मुलगा म्हणाला, "काका, फॉरमॅट मारावा लागेल," आणि त्यानं ती नेहमीची खिडकी उघडली. तिच्यात तीन नावं होती: फॅट३२, एनटीएफएस, एक्सफॅट. "कोणतं करू?" त्यानं चक्क काकांनाच विचारलं. काका म्हणाले, "जे चांगलं असेल ते कर बाबा." मुलानं एनटीएफएस निवडलं, फाइल चढली, वीस रुपये दिले-घेतले गेले. दोन दिवसांनी काका पुन्हा तिथेच भेटले. घरच्या टीव्हीला तो पेन ड्राइव्ह दिसतच नव्हता.

मुलाची चूक मी मानत नाही. त्या तीन नावांमध्ये असं काय आहे, ज्यावरून त्याला कळावं की पहिलं जवळजवळ सगळी यंत्रं वाचतात पण त्यात चार जीबीच्या वरची फाइल बसत नाही, दुसरं प्रामुख्यानं विंडोजसाठी आहे आणि काकांना हवं होतं ते बहुधा तिसरं?

फाइल सिस्टिम म्हणजे काय, हे समजायला तलाठ्याचं दप्तर आठवावं. डिस्क ही नुसती जमीन, सारख्या मापाचे लाखो तुकडे. कोणता तुकडा कोणाच्या नावावर, कोणाची जमीन दोन ठिकाणी तुटक आहे, कोणती पडीक आहे, हे सगळं दप्तरात लिहिलेलं असतं. दप्तर हरवलं तर जमीन जागच्या जागी असते, पण कोणाची ते सांगता येत नाही. आणि दप्तर हाती असूनही ते मोडीत लिहिलेलं असेल, वाचणाऱ्याला फक्त बाळबोध येत असेल, तरी गत तीच. काकांच्या टीव्हीचं नेमकं हेच झालं. तेव्हा फाइल सिस्टिमच्या नावाकडून माझी अपेक्षा एकच आहे: दप्तर कोणत्या वळणात लिहिलंय, हे त्या नावानं वाचणाऱ्याला आधी सांगावं. ते किती जलद आहे, किती नवं आहे, कोणी मोठ्या मेहनतीनं लिहिलं, हे नंतर.

या कसोटीवर सगळ्यात जुनं नाव आश्चर्य वाटावं इतकं चांगलं उतरतं. फॅट म्हणजे फाइल अ‍ॅलोकेशन टेबल, जागावाटपाचा तक्ता. १९७७ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये मार्क मॅक्डॉनल्ड यांनी तो फ्लॉपीसाठी रचला. डिस्कच्या सुरुवातीला खरोखरच एक तक्ता असतो, आणि प्रत्येक तुकड्यापुढे 'याच्यानंतरचा तुकडा अमुक' असं लिहिलेलं असतं. नावात जे आहे ते डिस्कवर आहे. अशी नावं पुढे फार थोडी निघाली.

घोटाळा सुरू झाला तो नावापुढे आकडे लागल्यावर. फॅट१२, फॅट१६, फॅट३२. हा आकडा म्हणजे तक्त्यातली एक नोंद किती बिटांची, एवढंच. पण फॅट३२ मधल्या नोंदीचे चार बिट राखून ठेवलेले आहेत, वापरात येतात ते अठ्ठावीसच. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. त्यातून ज्या चार जीबीच्या मर्यादेनं काकांना अडवलं तिचा या बत्तिसाशी संबंध नाही. ती आली फाइलचा आकार लिहायच्या चार बाइटांच्या रकान्यातून. तो रकानाही योगायोगानं बत्तीस बिटांचाच, म्हणून पुष्कळ जाणकार माणसं दोन बत्तिसांची सरमिसळ करतात. मी स्वतः कित्येक वर्षं करत होतो.

याहून गमतीची गोष्ट मायक्रोसॉफ्टच्याच नियमावलीत आहे. फॅटच्या डिस्कवर पहिल्या सेक्टरमध्ये एक छोटासा रकाना असतो आणि त्यात 'फॅट१६' वगैरे अक्षरं सरळ लिहिलेली असतात. नियमावली बजावते की या अक्षरांवर विसंबू नका. मग प्रकार ओळखायचा कसा? डिस्कवर एकूण किती क्लस्टर, म्हणजे जागेचे तुकडे, आहेत ते मोजायचं. ४,०८५ पेक्षा कमी असतील तर फॅट१२, ६५,५२५ पेक्षा कमी असतील तर फॅट१६, त्याहून अधिक असतील तर फॅट३२. दारावरची पाटी वाचू नका, घरातली माणसं मोजा आणि मग आडनाव ठरवा, असाच हा प्रकार झाला.

हाच पेन ड्राइव्ह लिनक्सच्या यंत्राला लावलात तर त्याची ओळख व्हीफॅट अशी दिसते. व्हीफॅट ही खरं तर विंडोज ९५ बरोबर आलेली, फाइलला लांब नाव देण्याची युक्ती. त्याआधी आठ अक्षरं, टिंब आणि तीन अक्षरं एवढ्यातच नाव बसवावं लागे. लिनक्समध्ये फॅटचा एक चालक, म्हणजे ड्रायव्हर, लांब नावं न कळणारा होता आणि दुसरा कळणारा. दुसऱ्याचं नाव चिकटलं ते कायमचं. म्हणजे एकाच दप्तराला विंडोज एका नावानं ओळखते आणि लिनक्स दुसऱ्या. नवशिक्याला वाटतं, आपण भलतंच काही फॉरमॅट केलं.

आणि एक्सफॅट? २००६ मध्ये आलेली ही पद्धत नावानं फॅटची वाढीव आवृत्ती वाटते. प्रत्यक्षात तिच्यात रिकामी जागा वेगळ्या नकाशात नोंदलेली असते, आणि सलग पडलेल्या फाइलसाठी तर तो प्रसिद्ध तक्ता उघडावाही लागत नाही. फक्त फॅट जाणणारा जुना कॅमेरा एक्सफॅटचं कार्ड वाचू शकत नाही. नावातलं नातं माणसाला भरवसा देतं, यंत्राला त्याचा काडीचा उपयोग नाही.

*

पुण्यात शनिवारवाड्याजवळ 'नवा पूल' नावाचा एक पूल आहे. त्यानं शंभरी ओलांडली, पण तो नवाच. एनटीएफएस या नावातलं 'एनटी' विंडोज एनटीचं, आणि त्या एनटीचा मायक्रोसॉफ्टनं जाहिरातीत सांगितलेला अर्थ 'न्यू टेक्नॉलॉजी'. ही पद्धत १९९३ मध्ये बाजारात आली. तिशी उलटलेल्या नव्या तंत्रज्ञानाला काय म्हणायचं? पुलाचं एक बरं, नावावरून त्याचं वय ठरवायला कोणी जात नाही. फॉरमॅटच्या खिडकीत मात्र ग्राहक तेवढ्याचसाठी येतो.

विशेषणांनी बारसं करायची खोड एकट्या मायक्रोसॉफ्टची नव्हे. ओएस/२ या प्रणालीसाठी १९८९ मध्ये आलेली एचपीएफएस, म्हणजे 'उच्च कार्यक्षमतेची'. बर्कली विद्यापीठात १९८० च्या दशकात मार्शल कर्क मक्यूसिक आणि सहकाऱ्यांनी युनिक्ससाठी रचलेली एफएफएस, म्हणजे 'जलद'. पुढे अमिगा कॉम्प्युटरवर आणखी एक एफएफएस आली, तीही 'जलद', आणि तिचा बर्कलीवालीशी सुतराम संबंध नाही. अमिगावाल्यांनी तर पुढचं पाऊल टाकलं: नवीचं नाव जलद ठेवल्यावर आधीच्या बिचारीला ओएफएस, म्हणजे 'जुनी', हे नाव मिळालं. धाकटी घरात आल्यावर थोरलीला थोरली म्हणायला लागतात तसं.

बर्कलीचीच पद्धत यूएफएस, म्हणजे 'युनिक्सची', या नावानं पसरली. सन कंपनीनं ती घेतली, एचपीनं घेतली, नेक्स्टनं घेतली, आणि प्रत्येकानं थोडी थोडी बदलली. नाव मात्र सगळ्यांनी तेच ठेवलं. लिनक्समध्ये यूएफएसची डिस्क जोडताना ती कोणत्या घराण्याची, हे आपल्याला वेगळं सांगावं लागतं, आणि सांगण्याजोगे पर्याय दहाच्या घरात आहेत. जे नाव ऐकल्यावर 'कोणतं?' असं विचारावंच लागतं, त्या नावानं निम्मं काम वाचणाऱ्यावर ढकललेलं असतं.

एनटीएफएसचा लिनक्समधला संसार तर प्रकरणभर पुरेल. तिथे ती वाचणारा एक जुना चालक होता, नाव एनटीएफएस. मग लिहिताही येणारा एनटीएफएस-३जी आला. ३जी म्हणजे तिसरी पिढी, मोबाइलशी संबंध नाही. मग २०२१ मध्ये पॅरागॉन कंपनीनं दिलेला एनटीएफएस३ आला. आता गंमत अशी की विंडोज एक्सपीपासून डिस्कवरच्या एनटीएफएसची आवृत्तीही ३.१ आहे. तर एनटीएफएस३ म्हणजे आवृत्ती तीन वाचणारा? तिसरा चालक? ३जीचा धाकटा भाऊ? हे नाव ठेवणाऱ्यांना बाकी कोणताही आकडा मोकळा होता.

*

आद्याक्षरांची टंचाई हा दुसरा रोग. शेवटी 'एफएस' ठेवायचंच ठरलं की उरतं एखाददुसरं अक्षर, आणि इंग्रजीत अक्षरं सव्वीसच. आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्सवर १९९० मध्ये जेएफएस आली. जे म्हणजे जर्नल, बदल करण्याआधी त्याची कच्ची नोंद रोजकीर्दीत टाकून ठेवणारी. पुढे आयबीएमनंच ओएस/२ साठी नव्यानं आखणी केली, तिलाही जेएफएस म्हटलं, आणि हीच लिनक्सला दिली. तीच आखणी एआयएक्सवर गेली तेव्हा तिथे जेएफएस हे नाव आधीच अडलेलं, म्हणून ती झाली जेएफएस२. परिणाम असा की लिनक्सची जेएफएस ही एआयएक्सच्या जेएफएस२ ची नातलग, आणि एआयएक्सच्या जेएफएसची डिस्क लिनक्सच्या जेएफएसला कळत नाही. कमी होतं म्हणून एचपीनं आपल्या युनिक्सवर जेएफएस नावानं जी विकली ती मुळात व्हेरिटास कंपनीची व्हीएक्सएफएस. व्हेरिटासचं मोठं केंद्र पुण्यात होतं, तेव्हा हा गुंता ग्राहकाला फोनवर समजावून सांगण्यात ज्यांची उमेदीची वर्षं गेली अशी माणसं आपल्याकडेही असणार.

झेडएफएस म्हटलं की आज लोकांना सनची आठवते. आयबीएमच्या मेनफ्रेमवर दुसरीच झेडएफएस आहे. तिनं ज्या पद्धतीची जागा घेतली तिचं नाव एचएफएस, आणि अ‍ॅपलनं मॅकिंटॉशसाठी १९८५ मध्ये काढलेलीही एचएफएसच. दोन्हीकडे एच म्हणजे हायरार्किकल, उतरंडीची. उतरंड नसलेली फाइल सिस्टिम आता शोधूनही मिळत नाही, तेव्हा त्या एचनं नक्की सांगितलं काय? जीएफएस गूगलचीही आणि रेड हॅटचीही.

एक्सएफएसची गोष्ट मला या सगळ्यांत आवडते. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीत १९९३ च्या आसपास काम सुरू झालं तेव्हा नाव सुचलेलं नव्हतं, म्हणून बीजगणितातल्यासारखं एक्स घातलं. पुढे योग्य अक्षर सापडलं की बदलू. ते कधी बदललंच नाही. आपल्याकडे बारसं लांबलं की बाळाला बाळू म्हणतात आणि साठीतही तो बाळूच राहतो, तसं झालं. दुर्दैवानं त्याच सुमारास बर्कलीत अनेक यंत्रांवर पसरलेल्या, सर्व्हरविना चालणाऱ्या एका संशोधन-प्रकल्पालाही एक्सएफएस असंच नाव होतं. त्या काळचे शोधनिबंध चाळताना हे दोन एक्सएफएस अजूनही माणसाला चकवतात.

लिनक्सच्या मंडळींना एका ठिकाणी न्यायनिवाडा करावा लागला. बीएफएस दोन: एक एससीओच्या युनिक्सवेअरची, यंत्र सुरू करण्यापुरती लहानशी, बी म्हणजे बूट, दुसरी बीओएस या प्रणालीची, बी म्हणजे ती बनवणारी 'बी' कंपनी. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, पहिलीला बीएफएस हे नाव मिळालं आणि दुसरीला एक अक्षर वाढवून बीईएफएस केलं. रचनेच्या दृष्टीनं दुसरी कितीतरी सरस. ती रचणाऱ्यांपैकी डॉमिनिक जाम्पाओलो पुढे अ‍ॅपलच्या एपीएफएसवर होते. पण निवाडा योग्यच. एक अक्षर वाढलं, खर्च काही नाही, गोंधळ मिटला. हे इतकं सोपं होतं तर बाकीच्यांना काय अडचण होती, असं वाटत राहतं.

*

नाव कधी बदलावं, हा खरा अवघड प्रश्न. माझा नियम असा: जुन्या यंत्राला नवं दप्तर वाचता येणार नसेल तर नाव बदला, येत असेल तर नका बदलू.

लिनक्सचं घरचं दप्तर म्हणजे ईएक्सटी. १९९२ मध्ये रेमी कार यांनी ते लिहिलं, मिनिक्सच्या तोकड्या दप्तराची वाढीव आवृत्ती म्हणून. मिनिक्समध्ये नाव १४ अक्षरांचं आणि डिस्क ६४ एमबीची, एवढीच मुभा होती. वर्षभरात ईएक्सटी२ आली. २००१ मध्ये मूळ कर्नलमध्ये दाखल झालेली ईएक्सटी३ म्हणजे ईएक्सटी२ अधिक रोजकीर्द. नीट बंद केलेली ईएक्सटी३ ची डिस्क ईएक्सटी२ म्हणून उघडता येत असे. माझ्या नियमानं हे नवं नाव अनावश्यक होतं. आणि आतून पाहिलं तर ईएक्सटी२ आणि ईएक्सटी३ या दोन्हींच्या, पुढे चौथीच्याही, डिस्कवरची खूणगाठ एकच, ईएफ५३.

२००६ मध्ये मात्र खरा पेच आला. १६ टीबीची मर्यादा अपुरी पडू लागली होती. मोठे बदल ईएक्सटी३ मध्येच घालावेत असा काहींचा आग्रह होता. लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स अडले: ज्या दप्तरावर लोकांचा रोजचा संसार चालतो त्यात खोदकाम नको. मग सगळ्या कोडची नक्कल काढून शेजारी वेगळं घर मांडलं आणि त्याचं नाव ठेवलं ईएक्सटी४डेव्ह. शेवटचं 'डेव्ह' मुद्दाम. काम चालू आहे, आत येऊ नका, अशी नावातच लावलेली पाटी. पुढे तर डिस्कवर 'ही चाचणीची आहे, याची मला कल्पना आहे' अशा अर्थाची खूण मालकानं स्वतः लावल्याशिवाय ती जोडलीच जात नसे. डिसेंबर २००८ च्या २.६.२८ या कर्नलमध्ये पाटी काढली, नाव उरलं ईएक्सटी४. दोन वर्षं गैरसोयीचं नाव वागवून या मंडळींनी कितीजणांचा डेटा वाचवला असेल, याचा हिशेब लागणार नाही. नाव ठेवण्यातला एवढा शहाणपणा मला दुसरीकडे दिसलेला नाही.

याउलट एक्सएफएस. तिच्या डिस्कवरच्या मांडणीची चौथी आवृत्ती जाऊन पाचवी आली, प्रत्येक नोंदीला पडताळणीची बेरीज जोडली गेली, जुन्या कर्नलला पाचवी वाचता येत नाही, आणि नाव? एक्सएफएस. चौथीचा आधार सप्टेंबर २०३० मध्ये काढून घेण्याचं ठरलं आहे. त्यानंतर कपाटात पडलेली एखादी जुनी डिस्क कोणी काढली, तर 'एक्सएफएस आहे ना, मग का वाचत नाही?' हा संवाद ठरलेला.

नावाचा घोळ नुसता बोलण्यात राहत नाही. डिस्कचे विभाग नोंदणाऱ्या जुन्या पद्धतीत विभागाचा प्रकार एका आकड्यानं सांगतात. सात हा आकडा एचपीएफएस, एनटीएफएस आणि एक्सफॅट अशा तिघांना वाटून दिलेला आहे. नव्या जीपीटी पद्धतीत बरीच वर्षं लिनक्सनं आपल्या विभागांना मायक्रोसॉफ्टचाच ओळखक्रमांक लावला. परिणाम? दोन्ही प्रणाली असलेल्या यंत्रावर विंडोज सुरू केली की तिला तो विभाग आपला वाटे, आतलं दप्तर मात्र कळत नसे, आणि ती नम्रपणे विचारी: हा फॉरमॅट करू का? एका 'हो'वर सगळं साफ. नंतर लिनक्सला स्वतःचा क्रमांक मिळाला.

माणसाचं नाव देऊन हे सगळं टळेल असं वाटेल. रायझरएफएस हे हान्स रायझर यांच्या नावाचं. त्यांच्या कंपनीचं नाव, योगायोग पाहा, नेमसिस. सूसे लिनक्समध्ये ही पद्धत आपोआप निवडलेली असायची. २००६ मध्ये तांत्रिक कारणांवरून सूसेनं ते थांबवायचं ठरवलं. २००८ मध्ये रायझर पत्नीच्या खुनाबद्दल दोषी ठरले. त्यानंतर त्या कोडच्या गुणदोषांची चर्चा शांतपणे होणं अवघड झालं. इतरही प्रोग्रामरांनी त्यावर कष्ट घेतले होते; त्यांच्या कामावर ते नाव कोरलेलं राहिलं. जानेवारी २०२५ च्या ६.१३ कर्नलमधून ती काढून टाकली.

सीडीवाल्यांनी एक वेगळीच वाट शोधली होती. १९८५ मध्ये लेक टाहोजवळच्या हाय सिएरा नावाच्या हॉटेलात बैठक भरली, म्हणून सीडीच्या पहिल्या मांडणीचं नाव हाय सिएरा. तीच पुढे आयएसओ ९६६० झाली. विंडोजची पुरवणी जोलिएट, हे इलिनॉय राज्यातलं एक शहर. सीडीवरून यंत्र सुरू करण्याची पद्धत एल टोरिटो, हे ज्या उपाहारगृहात ती सुचली त्याचं नाव. या नावांतून अर्थ काहीच कळत नाही, पण एकाचं दुसऱ्याशी भांडणही नाही. वर्णन करणाऱ्या नावापेक्षा मला ही नावं बरी वाटतात. अर्थात नशीब कुठे गाठेल सांगता येत नाही: २०१७ मध्ये अ‍ॅपलनं आपली नवी फाइल सिस्टिम मॅकवर आणली ती ज्या आवृत्तीतून, तिचंही नाव हाय सिएरा.

काकांचा पेन ड्राइव्ह मी त्या मुलाला पुन्हा फॉरमॅट करायला लावला, एक्सफॅट. टीव्हीवर चालला. त्या खिडकीत खाली आणखी एक रिकामा रकाना असतो, पेन ड्राइव्हला आपलं स्वतःचं नाव देण्यासाठी. फॅटमध्ये अकरा अक्षरं मिळतात. 'लग्न' घाल म्हटलं, तर मुलगा म्हणाला, "त्यात कोणी काही लिहीत नाही." खरंच आहे. तो रकाना कोणी भरला नाही तर फॅट३२ च्या दप्तरात त्या जागी 'नो नेम' हे शब्द लिहिले जातात. नाव नाही, असं नाव. कॅमेऱ्याची अशी दोन कार्डं एकदम मॅकला लावली, की पडद्यावर एक दिसतं 'नो नेम' आणि दुसरं 'नो नेम १'.